श्रीलंकेला निघालास? आधी वारा बघ

मेच्या सुट्टीत डायव्हिंगला जाणार म्हणतोस, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या हिक्कडुवाचं बुकिंग करू नको. पश्चिमेचा समुद्र नोव्हेंबर ते एप्रिल चांगला. आपल्या खानापूरवर ढग भरायला लागले की तिकडंही तो खवळतो. पूर्व किनारा धर. त्रिंकोमालीजवळचं पिजन आयलंड मे ते सप्टेंबर झकास असतं.

कोलंबोला एक दिवस पुष्कळ. पेट्टाहची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद बघ, संध्याकाळी समुद्राकाठच्या गॉल फेस मैदानावर कोळंबी चिकटवलेला वडा खा आणि नीघ.

मलप्रभेत पोहलोय ही फुशारकी डायव्हिंगला कामाची नाही रे. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकत राहायचं, कान दुखायच्या आधीच. मी सर्दी लपवून उतरलो होतो. पाच मीटरवर कानात सुई घुसली, आणि पुढं तीन दिवस हंड्यात डोकं घातल्यासारखं ऐकू येत होतं.

डायव्हिंग आधी उरक, हत्ती नंतर. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास जाऊ दे. नुवारा एलियाचा घाटही लगेच चढू नको. ते गाव 1,868 मीटरवर आहे, तेवढी उंचीसुद्धा बाधते. मधला दिवस मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानाला दे. तलाव आटला की हत्ती गवताला जमतात. खरा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरात, मेमध्ये थोडेच दिसतील. ‘याला’ नावाच्या जंगलातला बिबट्या या खेपेला सोड, ते पार दक्षिणेला.

कुंद्याची मिठाई घेऊन जा, पण बोटीत चढायच्या आधी खाऊ नको.