ब्लूज सोलो: कॉर्डबरोबर गंधारही बदलतो

प्रश्न : पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर पेंटॅटोनिक (पाच सुरांचा स्केल) पाठ आहे. ए ब्लूजच्या बॅकिंग ट्रॅकवर वाजवताना एकही सूर खटकत नाही, पण सोलो ट्रॅकपासून सुटा वाटतो. असं का होतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काहीच खटकत नाही, तिथेच गोम आहे. ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर ए ब्लूजच्या तिन्ही कॉर्डवर (ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन) चालून जातात, त्यामुळे कोणती कॉर्ड चालू आहे ते सोलोतून कळतच नाही. कॉर्ड ओळखू येते ती तिच्या तिसऱ्या आणि सातव्या सुरावरून. ए सेव्हनमध्ये हे सूर सी शार्प आणि जी, डी सेव्हनमध्ये एफ शार्प आणि सी, ई सेव्हनमध्ये जी शार्प आणि डी. यातला एकही शार्प सूर तुमच्या पेंटॅटोनिकमध्ये नाही.

ते शोधायला लांब जायला नको. चौथी तार पाचवा फ्रेट आणि तिसरी तार सहावा फ्रेट, ही ए सेव्हनची जोडी. ती एक फ्रेट मागे नेली की डी सेव्हन, मूळ जागेहून एक फ्रेट पुढे नेली की ई सेव्हन. आधी नुसती ही जोडी बारा बार (एक बार म्हणजे चार मात्रा) वाजवा: चार बार ए, दोन डी, दोन ए, मग ई, डी, ए, ई असा एकेक बार. मेट्रोनोम ७२ वर ठेवला तर एक आवर्तन ४० सेकंदांत संपतं. हात न अडखळता दहा आवर्तनं झाली की मगच पेंटॅटोनिक मिसळा.

खरी परीक्षा पाचव्या बारला. चौथ्या बारच्या शेवटच्या मात्रेवर सी शार्प आणि पाचव्याच्या समेवर सी घ्या. कॉर्ड बदलल्याचं एकट्या गिटारवरही ऐकू येईल. ए ला षड्ज मानलं तर हा शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर उतरणं आहे. शास्त्रीय शिकलेल्यांची इथेच गल्लत होते: गोड लागला म्हणून शुद्ध गंधार ते डी सेव्हनवरही धरून ठेवतात, आणि तो त्या कॉर्डमधल्या सी शी भांडतो. जी शार्पचंही तसंच, तो ई सेव्हनपुरताच. ए सेव्हनवर टेकवू नका. उलट ए सेव्हनवर साधा सी चालतो, फक्त तार किंचित ताणून तो दोन गंधारांच्या मधे न्या. ब्लूजची खरी चव तिथे आहे. डी सेव्हनवर मात्र सी सरळ ठेवा.

प्रश्न : बेंड (तार ताणून सूर चढवणं) नेहमी कमी पडतो. गिटार अकूस्टिक आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बोटांआधी तारा बघा. अकूस्टिकच्या बहुतेक सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते, आणि ब्लूजमध्ये सर्वाधिक ताण तिच्यावरच येतो. तिच्यावर पूर्ण स्वराचा बेंड काढणं म्हणजे झटापट. अर्ध्यावर समाधान माना किंवा दुसऱ्या तारेवर जा. इलेक्ट्रिकवर ०१० चा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) पुरे, त्यात तिसरी तार सहसा साधी असते.

तार अनामिकेने दाबा, मागे मधलं बोट आणि तर्जनीचा आधार द्या, अंगठा मानेवरून वर काढा. जोर बोटांचा नव्हे, मनगट वळवण्याचा. सूर पोचला का ते असं तपासा: दुसरी तार पाचव्या फ्रेटवर वाजवा (ई), मग तिसरी तार सातव्या फ्रेटवर धरून तिथवर ताणा. दोन्ही एकत्र छेडल्यावर थरथर ऐकू आली तर अजून कमी आहे, किंवा जास्त झालं आहे.

प्रश्न : काही ट्रॅकमध्ये दुसऱ्याच बारला डी सेव्हन येते. ट्रॅक चुकीचा आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. याला क्विक चेंज म्हणतात, आणि ब्लूजमध्ये तो सर्रास असतो. पहिलं आवर्तन न वाजवता ऐका. दुसऱ्या बारला कॉर्ड बदलत असेल तर वरची जोडी तिथेही एक फ्रेट मागे न्या आणि तिसऱ्या बारला परत आणा.