मशीनवरची चादर

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून एकीचं पत्र आलंय. वय ३६, घरी शिवणकाम. लिहिते, ‘बायकांना बस मोफत झाली तेव्हापासून बेळगावच्या वन्सं दर शनिवारी दोन पोरांना घेऊन येतात, त्या रविवारी संध्याकाळी जाईपर्यंत मी चुलीपाशीच. चहा हातात, जेवण हातात. सासूबाई गृहलक्ष्मीचे पैसेही लेकीच्याच हातावर ठेवतात. हे म्हणतात, तुझं तू बघ. शुक्रवारी रात्री मी मशीनवर चादर घालून ठेवते. मनस्ताप होतो. काय करू?’

बाळा, तीन पानं वन्संवर आणि चादरीवर एक ओळ. मला ती ओळच टोचली.

चादर घाल असं तुला कुणी सांगितलं? वन्संनी? सासूबाईंनी? पत्रात तसं एक अक्षर नाही. तू आपणहून घालतेस. मग दोन दिवस वन्संना रिकामी वहिनी दिसते, आणि रिकाम्या माणसाला कुणीही चहा सांगणारच. तू पाय मारून चार पैसे मिळवतेस हे त्या बाईनं डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. पुढे सोमवारी-मंगळवारी रात्री बारापर्यंत जागून ब्लाऊज उरकतेस, पाठ धरते, आणि राग त्यांच्यावर काढतेस. २०२३ च्या जूनमध्ये बायकांना बस मोफत करणारी शक्ती योजना आली, तेव्हापासून दर वर्षी शंभरेक दिवस तू स्वतःच झाकून ठेवलेस. हे वाचून मला तुझा राग आला, खरं सांगते.

सासूबाईंचे गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये मात्र सोड. ते घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर येतात, ती बाई त्या आहेत. लेकीला देवोत नाहीतर देवाला. तुझं आहे ते मशीन.

बसलाही बोल लावू नकोस. लेकीला आईकडे यायला तिकिटाचे पैसे मोजावे लागत नाहीत, याचा मला आनंदच आहे. त्याच गाडीनं तूही बेळगावच्या खडे बाजारात जाऊन अस्तर-दोरा आणू शकतेस. गेलीस कधी?

या शुक्रवारी चादर घालायची नाही, एवढंच कर. शनिवारी वन्सं दारात आल्या की मशीनवरूनच म्हण, ‘या वन्सं, बसा. भात झालाय, आमटीला फोडणी तेवढी तुम्ही द्या, मला सहाला दोन ब्लाऊज द्यायचेत.’ आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही, पायही थांबवायचा नाही. सासूबाई चार शब्द बोलतील. बोलू देत. पहिल्या शनिवारी तुझे हात थरथरतील, शिवण वाकडी जाईल. उसवून पुन्हा घाल, पण उठू नकोस.

आणि ती चादर धुऊन पाहुण्यांच्या अंथरुणात ठेव. थंडीत वन्संच्या पोरांना पांघरायला होईल.