वाचकांचे प्रश्न : गच्चीवरून ग्रहांची छायाचित्रे

१० जानेवारी २०२६ रोजी गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधे आली. तेव्हापासून ग्रहांच्या छायाचित्रणाविषयी अनेक पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची (म्हणजे सहा इंच व्यासाच्या आरशाची) डॉब्सोनियन, हाताने वळवायची दुर्बीण आहे. नेत्रिकेतून पाहताना गुरूचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात, पण मोबाईल नेत्रिकेला लावून फोटो काढला की नुसता पांढरा गोळा येतो. यासाठी महाग मोबाईल घ्यावा लागेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नवा मोबाईल घेण्याची गरज नाही. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या आकाशाने व्यापलेला असल्यामुळे कॅमेऱ्याला सगळेच दृश्य अंधारे वाटते आणि तो आपण होऊन एक्सपोजर वाढवतो. आपल्याकडे रात्र असली, तरी गुरूचा जो भाग आपल्याला दिसतो त्याच्यावर त्या वेळी ऊन पडलेले असते. म्हणून पडद्यावर गुरूच्या प्रतिमेवर बोट दाबून धरून फोकस व एक्सपोजर लॉक करावे आणि नंतर उजेडाची पट्टी खाली ओढत गुरू डोळ्यांना काहीसा निस्तेज वाटेपर्यंत न्यावी. पट्टे उमटू लागतात ते त्या पातळीला. तेथे गुरूचे चार मोठे उपग्रह बहुधा दिसेनासे होतात, कारण पट्टे आणि उपग्रह एकाच एक्सपोजरमध्ये नीट येणे अवघड असते. उपग्रह हवे असतील तर त्यांच्यासाठी वेगळा, जास्त एक्सपोजरचा फोटो घ्यावा.

मोबाईल हातात धरू नये. नेत्रिकेवर बसणारी मोबाईलची पकड बाजारात मिळते, ती वापरावी. आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्यावा. तो का, हे पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : ग्रहांचे फोटो काढणारे लोक प्रत्यक्षात व्हिडिओ घेतात आणि त्यातून एक चित्र तयार करतात, असे वाचले. एक चांगला फोटो काढण्याऐवजी हा खटाटोप कशासाठी? आणि आकाशात सरकणाऱ्या ग्रहाचा माग ठेवणारी मोटर नसलेल्या दुर्बिणीने तो जमतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या विषयाचे मर्मच आपण विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रतियुतीच्या सुमारास गुरूच्या बिंबाचा व्यास साधारण ४५ विकला असतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. चंद्रबिंब सुमारे १८०० विकलांचे असते, म्हणजे गुरूसारखी चाळीस बिंबे ओळीने ठेवली तर चंद्राचा व्यास भरेल. सहा इंची दुर्बीण आदर्श स्थितीत सुमारे पाऊण विकला इतका बारीक तपशील वेगळा दाखवू शकते. परंतु आपल्या डोक्यावर हवेचे अनेक थर असतात, त्यांची तापमाने वेगवेगळी असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वाकत राहतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यापलीकडचे दृश्य थरथरते, तेही याच कारणाने. सर्वसाधारण रात्री ही थरथर दोन विकलांची किंवा त्याहूनही अधिक असते, त्यामुळे दुर्बिणीची क्षमता वाया जाते.

मात्र ही थरथर अखंड नसते. मधूनच क्षणाच्या एखाद्या अंशापुरती हवा स्थिर होते आणि तेवढ्यात ग्रह लख्ख दिसून जातो. नेत्रिकेला डोळा लावून बसणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते. नेमका तो क्षण बटण दाबून पकडणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून सेकंदाला शंभर या वेगाने चित्रे घेत राहायचे, दोन मिनिटांत बारा हजार चित्रे जमवायची, संगणकाकडून ती गुणवत्तेनुसार लावून घ्यायची आणि त्यांतली वरची दहा-पंधरा टक्केच ठेवायची. निवडलेली चित्रे एकमेकांवर अचूक बसवून त्यांची सरासरी काढली की सेन्सरमुळे आलेले दाणे दबतात. हा लाभ चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे १६०० चित्रांची सरासरी एका चित्रापेक्षा चाळीस पट नितळ असते. ग्रहाचा तपशील सगळ्या चित्रांत सारखा असल्यामुळे टिकून राहतो आणि दाणे प्रत्येक चित्रात वेगळे असल्यामुळे विरून जातात. निवड आणि जोडणी यांसाठी ऑटोस्टॅकर्ट आणि त्यानंतर तपशील उठावदार करण्यासाठी रेजिस्टॅक्स हे दोन विनामूल्य प्रोग्राम जगभरचे हौशी लोक वापरतात. व्हिडिओ घेण्यासाठी फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप चालते.

मग व्हिडिओ तासभर का घेऊ नये? कारण गुरू थांबत नाही. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला जवळपास पाव विकला सरकतो. सहा इंची दुर्बिणीची मर्यादा पाऊण विकला धरली, तर तीन मिनिटांनंतर चित्र पुसट होऊ लागणार हे उघड आहे. आठ इंची दुर्बीण अधिक बारीक पाहते, म्हणून तिच्यासाठी ही मर्यादा अडीच मिनिटांच्या आत येते. मंगळाला एका फेरीस २४ तास ३७ मिनिटे लागतात आणि त्याचे बिंबही लहान असते, त्यामुळे तेथे बराच अधिक वेळ घेता येतो. शनीवर ठळक खुणा क्वचितच असतात, म्हणून पाच मिनिटांचा व्हिडिओही चालून जातो, आणि प्रकाश कमी असल्यामुळे तो घ्यावाही लागतो.

आता मोटर नसलेल्या दुर्बिणीविषयी. हे काम तिने निश्चित जमते. समजा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची सहा इंची दुर्बीण आहे, तिला दुप्पट करणारे बार्लो भिंग लावले आहे आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा, उदाहरणार्थ सोनीचा आयएमएक्स ४६२ हा सेन्सर असलेला, यूएसबी कॅमेरा जोडला आहे. या जोडणीत एक पिक्सेल पाव विकलेचा होतो. सेन्सरच्या रुंदीत १९३६ पिक्सेल असतात, म्हणजे सुमारे ४८० विकला मावतात. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते, तेव्हा ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला अर्धे मिनिट घेतो. दुर्बीण ग्रहाच्या थोडी पुढे लावून हात काढून घ्यावा, थरथर शमू द्यावी आणि ग्रहाला चौकटीतून वाहत जाऊ द्यावे. असे चार-पाच तुकडे तीन मिनिटांत घेतले की पिप हा छोटा प्रोग्राम प्रत्येक चित्रातला ग्रह मध्यभागी आणून सगळे तुकडे एकत्र करून देतो.

या जोडणीत गुरूचे बिंब जेमतेम १८० पिक्सेलचे येईल. ते लहान वाटले तरी त्याहून मोठे करण्याचा मोह टाळावा. दुर्बिणीचे नाभीय गुणोत्तर (बार्लोसह नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधील मापाच्या पाचपट असावे, हा अनुभवातून आलेला ढोबळ नियम आहे. येथे ते १६ होते आणि तेवढे पुरेसे आहे. तिप्पट किंवा पाचपट बार्लो लावल्याने प्रतिमा मोठी आणि अंधारी होते, एक्सपोजर वाढवावे लागते आणि हवेची थरथर पुन्हा चित्रात शिरते.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. इमारतीच्या गच्चीवरून मोजके तारे दिसतात. ग्रहांच्या फोटोंसाठी प्रत्येक वेळी शहराबाहेर जावे लागेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : अजिबात नाही. आकाशगंगा किंवा तेजोमेघ टिपायचे असतील तर शहर सोडावेच लागते, परंतु ग्रह इतके तेजस्वी असतात की रस्त्यावरच्या दिव्यांचा त्यांच्या चित्रावर फारसा परिणाम होत नाही. शहरात खरा अडथळा असतो तो उष्णतेचा. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्याची हवा थेट दुर्बिणीसमोरून वर चढते. वातानुकूलन यंत्राच्या गच्चीवरच्या पेट्या ज्या दिशेला असतील, त्या दिशेचे आकाश सोडूनच द्यावे. सोसायटीच्या आवारात माती किंवा हिरवळीचा तुकडा असेल आणि तेथून ग्रह दिसत असेल, तर तो गच्चीपेक्षा चांगला. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईल. आरशांची जुळणीही, म्हणजे कोलिमेशन, दर वेळी तपासावी. कॅमेऱ्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे केले तरी चित्रात फरक दिसतो.

रात्र निवडताना एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. थंडीची लाट आल्यावर आकाश काळेभोर होते, तारे जोराने लुकलुकतात आणि ती रात्र उत्तम वाटते. परंतु लुकलुकणे हेच हवा अस्थिर असल्याचे लक्षण आहे. याउलट किंचित धूसर, वारा पडलेल्या रात्री तारे शांत असतात आणि ग्रहांचे चित्र अनेकदा त्याच रात्री उत्तम येते.

आपल्या अक्षांशाची देणगीही ध्यानात घ्यावी. ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि रंगही फाकतात, एका कडेला निळी व दुसऱ्या कडेला तांबडी किनार दिसते. जानेवारी २०२६ मध्ये गुरू मुंबई-पुण्याहून जवळजवळ डोक्यावर येत होता, तर लंडनच्या निरीक्षकांना तो साठ अंशांच्या आसपासच मिळत होता. फेब्रुवारी २०२७ मधल्या प्रतियुतीच्या वेळीही तो आपल्याकडे माथ्याजवळच असेल. अगदी माथ्यावर असताना डॉब्सोनियन वळवणे अवघड जाते, म्हणून त्याच्या तासभर आधी किंवा नंतर चित्रण करावे. मंगळाची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे, पण त्या वेळी तो सूर्यापासूनच्या आपल्या दूरच्या टोकाजवळ असल्यामुळे बिंब १४ विकलांहून थोडे लहानच राहील. मंगळाच्या सर्वांत मोठ्या बिंबासाठी सप्टेंबर २०३५ पर्यंत थांबावे लागेल.

प्रश्न : शनीची कडी माझ्या फोटोत एका रेषेसारखी येतात. दुर्बिणीत दोष आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोष नाही. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्यामुळे कडी आपल्याला कडेने दिसली. आता ती हळूहळू उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वाधिक उघडी दिसतील. येती प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ रोजी, म्हणजे पाऊस परतीला लागण्याच्या दिवसांत आहे. या बारीक कड्यांची चित्रे जपून ठेवावीत, कारण ती पुन्हा अशी दिसायला २०३८-३९ साल उजाडेल.

प्रश्न : संगणकावर चित्र किती सुधारावे? काही जण कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम वापरून फारच सुंदर चित्रे दाखवतात. त्याला फोटो म्हणावे का?
— एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : मूळ व्हिडिओत असलेली माहिती वर काढणे आणि नसलेली माहिती भरणे, यांतला भेद पाळावा. रेजिस्टॅक्समधील वेव्हलेटची क्रिया चित्रातल्या बारीक तपशिलाचा उठाव वाढवते, नवे काही आणत नाही. तीही अति केली तर खोटे आकार उमटतात. मंगळाच्या उजळ कडेच्या आत एक गडद, समांतर रेषा दिसू लागते आणि नवशिक्याला ती मंगळावरचीच खूण वाटते. शंका आली की त्याच रात्रीचा दुसरा व्हिडिओ स्वतंत्रपणे तयार करून पाहावा. तपशील खरा असेल तर तो दोन्हींत, मधल्या वेळेत फिरण्याने जेवढा सरकायला हवा तेवढाच सरकून दिसतो.

ग्रहांची हजारो चित्रे पाहून शिकलेला प्रोग्राम मात्र गुरू साधारण कसा दिसतो हे जाणतो आणि त्याप्रमाणे रिकाम्या जागा भरतो. आपल्या दुर्बिणीत त्या रात्री जे आले नव्हते ते तो चित्रात घालतो. ते चित्र भिंतीवर लावायला देखणे असेल, पण निरीक्षण म्हणून त्याला किंमत नाही, आणि विद्यार्थ्यांना ते निरीक्षण म्हणून दाखवू नये असे मला ठामपणे वाटते. काही मोबाईल चंद्राच्या फोटोत हेच न सांगता करतात, तेव्हा ती सोयही बंद करावी.

प्रश्न : अवकाशयाने इतकी सूक्ष्म चित्रे पाठवत असताना आमच्या चित्रांचा शास्त्राला काही उपयोग असतो का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : असतो, आणि तो याआधीच्या उत्तरात सांगितलेल्या सचोटीवरच उभा आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. आदल्या काही दिवसांत तो तेथे नव्हता. त्यांनी खगोलशास्त्रज्ञांना कळवले, हवाईतील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने गुरूवर काहीतरी आदळल्याची खात्री केली आणि काही दिवसांतच हबल दुर्बीण तिकडे वळवण्यात आली. पुढच्याच वर्षी ३ जून रोजी वेस्ली यांना गुरूवर सुमारे दोन सेकंद टिकलेली चमक दिसली आणि फिलिपिन्समधील ख्रिस्तोफर गो यांच्या व्हिडिओतही ती त्याच क्षणी सापडली. दोन ठिकाणांहून घेतलेले मूळ व्हिडिओ जुळले म्हणून ती घटना निर्विवाद ठरली. याच गो यांनी २००६ मध्ये गुरूवरचा एक पांढरा अंडाकृती डाग तांबडा झाल्याचे प्रथम टिपले होते. जुनो हे यान २०१६ पासून गुरूभोवती फिरत आहे, पण ते बराच काळ ग्रहापासून दूर असते, आणि त्याच्या कॅमेऱ्याने काय टिपावे हे ठरवताना हौशी निरीक्षकांची चित्रे उपयोगी पडली आहेत.

आपणही अशी चित्रे स्पेनमधील बास्क विद्यापीठाच्या पीव्हीओएल या ग्रहचित्रांच्या संग्रहाकडे पाठवू शकता. सुरुवातीला मार्गदर्शन हवे असेल तर पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. चित्रासोबत दुर्बिणीचा व्यास, कॅमेरा, फिल्टर आणि उत्तर दिशा कोणत्या बाजूला आहे हे लिहावे आणि वेळ जागतिक वेळेत, व्हिडिओच्या मध्याची, द्यावी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना तारीखही बदलू शकते. १६ तारखेच्या पहाटे १२ वाजून ४० मिनिटांनी घेतलेले चित्र १५ तारखेचे, १९ वाजून १० मिनिटांचे असे नोंदवावे लागते. मूळ व्हिडिओही पुसू नये. दोन मिनिटांचा एक व्हिडिओ तीन-चार गिगाबाइटचा होतो, तरी निदान त्या हंगामापुरता तो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्या रात्री गुरूवर काही दिसले असल्यास आपल्या चित्रांतही ते शोधता येईल.