रेझिन बदलण्याआधी फायबर नीट बघ

फायबर आणि रेझिन (फायबरना धरून ठेवणारा, घट्ट होणारा चिकट पदार्थ) मिळून केलेलं कंपोझिट सॅम्पल लवकर तुटलं की नवीन मुलं आधी रेझिनला दोष देतात. तू आधी तुटलेली कड भिंगाखाली धर. फायबर गुळगुळीत, कोरडे बाहेर आलेत आणि मागे नुसती भोकं राहिलीत, तर रेझिनची फायबरवर पकडच बसलेली नाही. फायबरला रेझिन चिकटून तुटलं असेल तर पकड चांगली आहे, तुटण्याचं कारण दुसरीकडे शोध. माझ्या मते ही तपासणी टेस्टिंग मशीनच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

काचेच्या फायबरवर सायलेनचं सायझिंग, म्हणजे रेझिनशी पकड जमवणारा पातळ थर, असतं. ते पॉलिएस्टर रेझिनसाठी आहे की इपॉक्सी रेझिनसाठी, हे विकत घेतानाच विचार. चॉप्ड मॅटमधला (फायबरच्या तुकड्यांच्या चटईतला) बाइंडर, म्हणजे तुकडे एकत्र धरणारा पदार्थ, बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळणारा असतो; इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून तीच मॅट तिथे नीट भिजत नाही.

ताग वापरणार असशील तर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाने त्यावरचं मेण काढ, भरपूर धू आणि ओव्हनमध्ये पूर्ण वाळव. मुंबईच्या पावसाळ्यात ताग हवेतलं पाणी भराभर ओढतो, तेव्हा ओव्हनमधून काढला की लगेच वापर. काचेचे रोलही पिशवीत बंद ठेव.

आता दिशा. एकदिश (सगळे फायबर एकाच दिशेत असलेल्या) काच-इपॉक्सीचा ताठपणा फायबरच्या रेषेत साधारण 40 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) असतो, आडवा जेमतेम 8-10. फायबर दहा अंश तिरके झाले तरी ताठपणा सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो आणि ताकद त्याहून जास्त पडते. म्हणून कापड कापताना काटकोन्या लाव, आणि रोलर फायबरच्या रेषेतच फिरव.