मुंबईत इंटरनेट १९९५ सालीच आलं का?

सर्वसामान्यांसाठी, हो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीने मुंबईसह महानगरांत ही सेवा सुरू केली. पण मुंबईची गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि ती जुहूची आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला वाईट वाटतं.

जुहूला एनसीएसटी ही सरकारी संशोधन संस्था होती (पुढे ती सी-डॅक या दुसऱ्या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत विलीन झाली). ऐंशीच्या दशकात अर्नेट या, शिक्षण-संशोधन संस्थांचे संगणक जोडणाऱ्या सरकारी प्रकल्पाखाली तिने पवईच्या आयआयटीशी टेलिफोन लाइनवरून ईमेल सुरू केला. मग तिथूनच परदेशाशी जोडणी झाली. देशभरातल्या प्राध्यापकांची परदेशी पत्रं जुहूमार्गे जात!

१९९५ नंतरही घरचा अनुभव आजच्यासारखा नव्हता. स्वस्तातल्या शेल खात्यावर नुसता मजकूर दिसे, चित्र नाही. मोडेम कर्कश आवाज करत नंबर फिरवायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. कनेक्शनचा ताशी हिशेब, वर फोनचं बिल वेगळं.

आजही मुंबईचं महत्त्व आहेच: समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर वर येतात.