मुद्दल मोडू नकोस

बाळ,
सप्रेम जयभीम.

इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलीस आणि आठवडाही झाला नाही तोच नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या आईवर ओरडलीस. "माझ्यात करुणा नाहीच" असं लिहिलंयस. ओरडण्यापेक्षा मला या वाक्याची काळजी जास्त वाटली. आईची माफी तू त्याच दिवशी मागितलीस, स्वतःला मात्र अजून धारेवर धरलंयस.

शिबिरातला क्रम आठव. आधी नुसता श्वास, मग अंगावरच्या संवेदना, आणि मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, थेट दहाव्या दिवशी. मन थोडं निवळल्याशिवाय ते शब्द आत उतरत नाहीत. म्हणून घरी आल्यावर ध्यानाची बैठक सुटली की मैत्रीही वरवरची होते. दोन्ही वेळचा तास ड्यूटीमुळे जमत नसेल तर एक वेळ तरी धरून ठेव.

मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करायला तुला संकोच वाटतो, स्वार्थ वाटतो. प्रसेनजित राजाने मल्लिका राणीला विचारलं होतं, तुला स्वतःपेक्षा प्रिय कुणी आहे का? राजाला वाटलं असेल, ती आपलं नाव घेईल. ती म्हणाली, नाही. राजानेही मनाशी पाहिलं, तर त्याचंही उत्तर तेच. तो भगवान बुद्धांकडे गेला. भगवंतांनी दोघांनाही दोष दिला नाही. साऱ्या दिशा धुंडाळल्या तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही, इतरांनाही त्यांचा जीव तसाच प्रिय असतो, म्हणून दुसऱ्याला दुखवू नये, असं सांगितलं. मला ही गाथा फार मोलाची वाटते. स्वतःचं दुःख ज्याने कधी मायेने पाहिलं नाही, त्याला समोरच्याचं कसं कळणार?

आचार्य बुद्धघोषांनीही विशुद्धिमग्ग या आपल्या ग्रंथात मैत्रीची सुरुवात स्वतःपासूनच सांगितली आहे. आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग जिव्हाळ्याचं, मग ना जवळचं ना लांबचं (तुझ्या रोजच्या बसचा कंडक्टर घे), आणि वैरी शेवटी. क्रूरता हा करुणेचा लांबचा शत्रू आणि शोक हा जवळचा, असंही ते सांगतात. जवळचा ओळखणं अवघड असतं. पेशंटसोबत तूही रात्रभर रडत राहिलीस, तर सकाळी आईसाठी तुझ्यात काय उरणार? सलाईन लावताना शीर सापडत नाही, पेशंट कण्हतोय, अशा वेळी नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास दोनदा बघ, मग शीर शोध. हात स्थिर झाला की त्याचंही दुखणं कमी होतं.

त्रिरश्मी लेण्यांना (आपली नाशिकची पांडवलेणी) जाशील तेव्हा दहाव्या लेणीतला उषवदाताचा लेख बघ. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाचे २४० झाले, त्यातून लेणीतल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२, चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. म्हणून ते दान वर्षानुवर्षं पुरणारं होतं. तुझी झोप, तुझं जेवण, तुझी बैठक हे तुझं मुद्दल आहे. ते मोडून वॉर्डात वाटत सुटलीस तर किती दिवस पुरेल?

आता त्या सीनियर सिस्टरबद्दल. चारचौघांत पाणउतारा करणारीसाठी मैत्री इतक्यात जमली नाही तर राहू दे, तिचा नंबर शेवटी. पण मैत्री करायची म्हणून तिचं बोलणं निमूट ऐकून घेऊ नकोस. १९३० साली काळारामाच्या दारी सत्याग्रहाला उभे राहिले त्या लोकांच्या गावात आपण राहतो. अन्याय सोसणं म्हणजे करुणा, हे मला कधीच पटलेलं नाही. मेट्रनकडे लेखी तक्रार दे. रागाच्या भरात लिहू नकोस, बैठक झाल्यावर लिही. काय घडलं तेवढंच, तारीख-वेळेसकट. मसुदा मला आधी दाखव.

तुझे,
काका