वाचकांचे प्रश्न : जुनं टार्गेट रिव्हॉल्व्हर

वडील नुकतेच वारले. त्यांच्या परवान्यावरचं सहा इंची नळीचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घरात आहे, सत्तर वर्षांपूर्वीचं. एवढं जुनं शस्त्र ‘अँटिक’ धरतात ना? मग परवाना कशाला?
— वाचक, सिन्नर

परवाना लागतोच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्रालाच आहे, नुसत्या वयाला नाही. घरात ठेवून वाट पाहू नका. पोलीस ठाण्याला आधी कळवा, शस्त्र तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र जोडून अर्ज करा. सिन्नरचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, नाशिक शहरातला पोलीस आयुक्तालयात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका नावावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाचं शस्त्रही त्यातच मोजतात.

पाचांतली एखादी गोळी भलतीकडेच जाते. शेजारी उभ्या असलेल्याच्या हाताला शिशाचे कण लागतात. नळी गेली का?
— वाचक, नाशिकरोड

बहुतेक नळी चांगली असेल. घोडा ताणल्यावर सिलिंडरचं घर (काडतूस बसतं तो कप्पा) नळीच्या बरोबर समोर येत नसावं. गोळी नळीच्या मागच्या तोंडाला घासते, शिसं सोलून निघतं आणि फटीतून बाजूला उडतं. कण लागताहेत तोवर त्या रिव्हॉल्व्हरवर नेमबाजी बंद.

सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडर बंद करून त्यावर अंगठा अगदी हलका टेकवा आणि घोडा हळूहळू ताणा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडरच्या खाचेत खिट्टी बसल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा. सहाही घरांवर हे करा. सगळीकडे उशीर होत असेल तर सिलिंडर फिरवणारा पंजा झिजला आहे. एक-दोन घरांवरच होत असेल तर मागच्या चक्राचा तेवढाच दात.

नंतर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा. सातपूर-अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतं. पत्ती घरी आणा, रिव्हॉल्व्हर तिकडे नेऊ नका. सिलिंडर आणि नळी यांच्यात ०.१० ते ०.२० मिमी फट ठीक, ०.२५ च्या वर काम काढावं लागेल. सिलिंडर एकदा पुढे, एकदा मागे दाबून मोजा. दोन मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर सिलिंडर खेळतोय. पंजा घरी कानशीने घासू नका. घासला की तो आखूड होतो आणि उशीर वाढतो. हे काम परवानाधारक कारागिराचंच.

नळीच्या मागच्या तोंडाशी साचलेलं शिसं काढायला जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा. भांडीबाजारात घासणी घेताना चुंबक लावून पाहा: चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे, नळीत ओरखडे पाडेल. काम झालं की हात साबणाने धुवा.

दुकानात पिस्तुलाची ३२ ची काडतुसं मिळाली. घरात बसतातही. चालतील?
— वाचक, पंचवटी

अजिबात नाही! परवान्यावर दोन्ही ‘३२ बोअर’च लिहिलेलं असतं, घोळ तिथूनच होतो. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ मिमीचं, त्याची पुंगळी साधारण १७ मिमी लांब. तुमच्या रिव्हॉल्व्हरचं ‘३२ स्मिथ अँड वेसन लाँग’, पुंगळी २३ मिमीच्या पुढे. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब बराच जास्त असतो आणि जुन्या सिलिंडरला तो झेपेलच असं नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि डबीवरचं नाव, दोन्ही अक्षरशः जुळवून घ्या.

सहा इंची नळी २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत बसते का?
— वाचक, गंगापूर रोड

बसते. मर्यादा १५३ मिमी आहे, सहा इंच म्हणजे १५२.४. चाप ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागायला हवा आणि रिव्हॉल्व्हरचं वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं. मालिका पाच गोळ्यांची असल्याने सहावं घर रिकामं राहतं.

पावसाळ्यात गंज धरतो. चामड्याच्या म्यानात ठेवतो, तरीही.
— वाचक, इगतपुरी

म्यानामुळेच धरतो. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात. म्यान वेगळं टांगा. रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपाच्या पेटीत ठेवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पाहा. मुठीच्या लाकडी फळ्या वर्षातून एकदा उतरवा. गंजाचा पहिला ठिपका त्यांच्याखालीच पडतो.